वाडा, वऱ्हाडी

वऱ्हाडच्या पायनघाटातील, म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यातील, सधन शेतकरी कुटुंबाचे पारंपरिक निवासस्थान. सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि त्याच मातीचे सपाट धाबे ही त्याची प्रमुख अंगे होत. अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर, अंजनगाव-सुर्जी, भातकुली, अचलपूर व चांदूर बाजार, अकोला जिल्ह्यातील अकोट, तेल्हारा, बाळापूर व मूर्तिजापूर हे तालुके, तसेच बुलढाणा जिल्ह्याचा उत्तर भाग हे त्याचे मुख्य क्षेत्र होय. पुण्या-साताऱ्याकडील चिरेबंदी वाड्याशी त्याचे नामसाम्य आहे. देवडी, चौक, ओसरी, माजघर ही मांडणीही बऱ्याच अंशी समान आहे. बांधणीमागील विचार मात्र वेगळा आहे. चिरेबंदी वाड्याला खाली खडक किंवा मुरूम गृहीत धरता येतो. वऱ्हाडी वाड्याला पायाखालची जमीन दरवर्षी फुगणार व आकसणार, हे धरूनच उभे राहावे लागते.

भूमी : कोणत्याही देशातील शेतघराची जात तेथील जमीन ठरविते. इंग्लंडमधील कॉट्सवोल्ड टेकड्यांत चुनखडक नांगराच्या फाळाला लागतो; तेथील सोळाव्या-सतराव्या शतकांतील शेतघरांच्या भिंतीच नव्हे, तर छपरावरील फरश्याही त्याच दगडाच्या आहेत. डार्टमूरच्या पठारावरील जुनी लांबट घरे ग्रॅनाइटची असून त्यांत माणसे उंचवट्याच्या बाजूला व गुरे उताराच्या बाजूला, अशी एकाच छपराखाली राहत. त्याच डेव्हन परगण्यात जेथे चांगला दगड जवळ नव्हता, तेथे चिकणमाती व गवताचे काड एकत्र तुडवून जाड भिंती रचीत. पण त्यांनाही खाली दगडी जोते आणि वर गवताचे पुढे आलेले छप्पर लागे.

दर्यापूरच्या शेतकऱ्याला दगडी जोतेही सहजासहजी मिळण्याजोगे नव्हते. चंद्रभागेच्या काठचे हे गाव व त्याचा तालुका पूर्णेच्या गाळाच्या मैदानात वसलेले आहेत. ह्या खोऱ्यात बेसाल्ट खडक गाळाखाली खोल दडलेला असून काही ठिकाणी गाळाची जाडी शेकडो मीटर भरते. उत्तरेस गाविलगडच्या पायथ्याशी किंवा दक्षिणेस बालाघाटाच्या चढणीवर गेल्याशिवाय बांधकामाचा दगड मिळत नाही. बैलबंडीने तो आणावयाचा, तर एका खेपेला दिवसच्या दिवस मोडत. असे असूनही दर्यापूर तालुक्यातील लासूर येथे आनंदेश्वराचे यादवकालीन दगडी मंदिर उभे आहे. दगड आणणे अशक्य नव्हते. ते देवासाठी व राजाश्रयाने परवडे, राहत्या घरासाठी नव्हे. वाड्यात दगड आढळतो तो खांबाखालचा तळखडा, दरवाजाचा उंबरठा, जाते, उखळ आणि ऐपत असल्यास जोत्याचे एक-दोन थर एवढ्यापुरताच.

मैदानातील जमीन भारी काळी आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट जातीच्या चिकणखनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ती फुगते व वाळली की आकसते. पावसाळ्यात एकसंध व चिकट असलेल्या शेताला वैशाखात मीटरभर किंवा त्याहूनही खोल भेगा पडतात. बैलाचा पाय अडकावा इतक्या त्या रुंद असतात. अशा जमिनीवर सरळ उभारलेली भिंत दोन-चार वर्षांत तिरकी तडकते. शिवाय खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. येथील विहिरींचे पाणी खारट असते आणि मातीतही क्षार असतात. जमिनीतील ओल भिंतीत चढते, पृष्ठावर येऊन वाळते व मागे क्षारांचे स्फटिक ठेवते. हे स्फटिक वाढताना भिंतीचा पापुद्रा सुटतो. यालाच लोणा लागणे म्हणतात. त्यामुळे भिंत वरून नव्हे, तर बुडाशी, जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत, आधी खचते. वार्षिक पर्जन्यमान सु. ७०० ते ८०० मिमी. इतकेच असले, तरी ते बहुतेक चार महिन्यांत पडते. आणि मे महिन्यात तपमान ४५° से. च्याही वर जाते.

काळी व पांढरी : मराठीत शेतजमिनीस ‘काळी’ आणि गावठाणास ‘पांढरी’ म्हणण्याची जुनी रीत आहे. इतरत्र हे शब्द बहुतांशी रूढी म्हणून उरले आहेत. पायनघाटात ते आजही डोळ्यांना दिसतात. काळ्याभोर मैदानात गाव काही मीटर उंच अशा फिकट, राखी रंगाच्या टेकाडावर बसलेले असते. हे टेकाड नैसर्गिक नव्हे. शतकानुशतके एकाच जागी मातीची घरे पडत गेली व त्यांच्यावर नवी उभी राहिली; चुलीची राख, शेण, चुना, हाडे, खापरे व पडक्या भिंतींचा चुरा साचत गेला; त्यातून ते वाढले. अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८४-८५ मध्ये केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापर्यंतच्या वसाहतीचे थर मिळाले. बुलढाणा जिल्ह्यातील भोन येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात पूर्णेच्या खोऱ्यातील प्रारंभिक ऐतिहासिक काळातील मोठ्या वसाहतीचे अवशेष उजेडात आले. पांढरीचे वय किती असू शकते, हे यावरून कळते.

वाड्याच्या दृष्टीने पांढरीचे महत्त्व दुहेरी आहे. ती पायाची जागा आहे आणि ती बांधकामाचे द्रव्यही आहे. राख व चुना मिसळलेली ही माती काळ्या मातीच्या मानाने फारच कमी फुगते. तिच्यावर घर स्थिर राहते, आणि टेकाडाच्या उंचीमुळे पुराचे व साचलेले पाणी दूर राहते. तीच माती खणून, भिजवून, तुडवून भिंत करावी व कोरडी पसरून धाबे करावे, अशी पद्धत होती. आजचा वाडा हा अशा रीतीने आधीच्या घरांच्याच मातीचा बनलेला असतो. गावाबाहेर, काळीत, घर बांधण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांना ह्या दोन्ही लाभांना मुकावे लागे. पांढरीचा उंच भाग पाटील-देशमुखांकडे व त्यांच्या भाऊबंदांकडे, आणि सखल कडा दलित व भूमिहीन वस्त्यांकडे, अशीच वाटणी बहुतेक गावांत दिसते. वाड्याच्या टिकाऊपणाचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

गढी आणि वाडा : अठराव्या शतकात वऱ्हाडावर निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता. महसुलाचे दोन धनी आणि संरक्षणाचा एकही नाही, अशी ती अवस्था होती. देवगावच्या तहाने १८०३ मध्ये भोसल्यांचा वऱ्हाडावरील हक्क संपला, पण पुढे पेंढाऱ्यांच्या धाडी सुरूच राहिल्या. ह्या काळात गावोगावच्या वतनदारांनी पांढरीच्या माथ्यावर मातीच्या किंवा विटांच्या गढ्या बांधल्या. वाड्याने गढीचा काही वारसा घेतला. रस्त्याकडील भिंत उंच व जवळजवळ आंधळी असते. खिडक्या असल्याच तर माडीला. आत येण्यास एकच मोठा दरवाजा असतो आणि त्याच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढी दिंडी ठेवलेली असते. दारामागे भिंतीत सरकणारा लाकडी अडसर असतो.

वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांकडे आला. १८६० नंतर येथे मुंबईच्या धर्तीवर रयतवारी जमाबंदी झाली. नागपूरकडे मालगुजार निर्माण झाले तसे येथे झाले नाहीत; मोठा खातेदार व गावचा पाटील हाच वाड्याचा मालक राहिला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसाला असाधारण भाव आला आणि १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरा यांवरून नागपुरास पोचला. गढीची गरज संपली होती आणि हाती पैसा आला होता. पायनघाटातील मोठ्या वाड्यांची भरभराट ही मुख्यतः ह्या कापसाच्या पैशाची आहे.

मांडणी : दरवाजाची रुंदी भरलेल्या बंडीच्या हिशेबाने ठरत असे. आत शिरताच दोन्ही बाजूंना देवडी असते; तेथे पूर्वी राखणदार बसे व पुढे सालदार-गडी निजत. नंतरच्या मोकळ्या अंगणाच्या एका अंगाला गुरांचा कोठा, त्याला लागून कुटार व कडब्याची जागा, आणि बंडी-दमणी उभी करण्याची सपरी असे. समोर दोन-तीन पायऱ्या चढून ओसरी. ओसरी हे वाड्याचे सार्वजनिक अंग. पाटलाची कचेरी, सोयऱ्यांची बैठक, सावकाराशी बोलणे व सालदाराचा हिशेब येथेच होई. तुळईला टांगलेली बंगई येथेच असते. तिच्या कड्या ज्या तुळईला अडकवितात, ती तुळई मुद्दाम जाड घेतलेली असते, हे वाडा मोजताना सहज ध्यानात येते.

ओसरीमागे माजघर, त्याच्या एका बाजूस देवघर व बाळंतिणीची अंधारी खोली, मागे स्वयंपाकघर, त्यापलीकडे न्हाणी व परसदार, असा क्रम असतो. आत जावे तसतसा प्रकाश कमी होत जातो. मोठ्या घरात दुसरा चौक असे आणि तो जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांचा असे. ज्वारी पांढरीत खणलेल्या पेवात किंवा कणग्यांत साठवीत. पेव उघडल्यावर आत साचलेल्या दूषित वायूने जीव जाण्याचा धोका असल्याने त्यात आधी दिवा सोडून पाहण्याची दक्षता घेत. कापसाला मात्र जमिनीवरची, कोरडी व उंदरांपासून राखता येईल अशी खोली लागे. ती बहुधा ओसरीच्या टोकाला, अंगणातून बंडी थेट लावता येईल अशी असते. तिला खिडकी नसते व दार जाड असते. आगीच्या भयाने ती स्वयंपाकघरापासून जेवढी लांब ठेवता येईल तेवढी ठेवीत. सरकी काढण्याचे कारखाने निघाल्यावर कापूस घरात फार दिवस राहीनासा झाला, तरी भावाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला ही खोली पुढेही लागतच राहिली.

सांगाडा : वाड्याचे खरे वास्तुवैशिष्ट्य येथे आहे. छपराचा भार भिंतींवर नसतो. तो लाकडी खांबांवर असतो. भिंतीच्या आत गाडलेले किंवा तिला लगटून उभे केलेले खांब दगडी तळखड्यांवर ठेवतात, त्यांवर तोड्या, तोड्यांवर तुळया व तुळयांवर कड्या घालतात. दोन खांबांमधील अंतराला खण म्हणतात आणि घराचा आकार खणांत सांगतात. जोडकामात खिळ्यांऐवजी कुसू व साळ असतात. त्यामुळे सांधे किंचित हलू शकतात. जमीन फुगली, एखादा कोपरा बोटभर उचलला गेला, तर भिंतीला तडा जातो, सांगाडा थोडा कुरकुरतो, आणि छप्पर जागेवर राहते. तडा पावसाळ्यानंतर चिखलाने बुजवितात. भिंत ही अशा प्रकारे दुरुस्त करावयाची वस्तू आहे व सांगाडा ही टिकवावयाची.

साग मेळघाटातून येत असे. तेथील जंगले १८६० नंतरच्या दशकात राखीव होऊ लागली आणि मोठ्या लांबीचे लाकूड महाग झाले. नंतरच्या वाड्यांत तुळयांची लांबी व खांबांची जाडी कमी झालेली दिसते. लाकडाचे शत्रू दोन : खांबाच्या बुडाशी ओल आणि उधई. तळखडा जमिनीपासून वीतभर वर ठेवण्याचा परिपाठ पहिल्यासाठी होता. दुसरीवर खात्रीचा उपाय नव्हता. जून, नारी सागाला ती उशिरा लागते, इतकेच. त्यामुळे बाहेरच्या कच्च्या थराचे लाकूड वापरलेले खांब आतून पोखरून केवळ रंगाच्या आधारे उभे राहिल्याचे प्रकारही घडतात.

भिंती : माती खळगा करून भिजवितात, तीत कुटार घालतात व काही दिवस कुजू देऊन पायांनी तुडवितात. तिचे थर एकावर एक रचीत किंवा साच्यात कच्च्या विटा पाडून त्या चिखलात बसवीत. बुडाशी भिंतीची जाडी सामान्यतः ६० ते ९० सेंमी. असते व वर ती कमी होत जाते. काम सुगीनंतर, हिवाळ्यात करीत. माती सावकाश वाळली तरच ती कमी तडकते. शक्य तेथे चिखलासाठी विहिरीचे खारे पाणी न वापरता नदीचे पाणी आणीत. आतून भिंत छाबून तीवर पांढऱ्या मातीचा पोतारा देत व जमीन शेणाने सारवीत. कोनाडे व देवळ्या भिंतीच्या जाडीतच कोरलेल्या असतात. जाड मातीतून उष्णता इतकी सावकाश वाहते, की दुपारचे ऊन माजघरापर्यंत पोचावयास रात्र उजाडते, आणि तोवर माणसे अंगणात किंवा धाब्यावर निजावयास गेलेली असतात.

धाबे : मराठवाड्यात ज्यास माळवद म्हणतात, त्यास वऱ्हाडात धाबे म्हणतात. कड्यांवर सागाच्या फळ्या किंवा फोडलेल्या लाकडाच्या ढलप्या, साध्या घरात तुराट्या अथवा पऱ्हाट्या, त्यांवर कडुनिंबाचा पाला, त्यावर चिखलाचा थर आणि सर्वांत वर कोरडी पांढरी माती असे थर असतात. माती पसरून, शिंपडून, चोपण्याने ठोकतात. अगदी बेताचा उतार देऊन कडेला लाकडाच्या किंवा पत्र्याच्या पन्हाळी बसवितात. पाऊस पडू लागला की वरचा थर भिजून मिटतो व पाणी आत जाण्याऐवजी वरून वाहते. काळी माती येथे चालत नाही. ती उन्हाळ्यात भेगाळते व मृगाच्या पहिल्याच सरीत प्रत्येक भेग गळू लागते. पांढरीचे मोल त्यामुळेच.

धाब्याचे गणित त्याच्या वजनात आहे. माती पाव मीटर जाडीची धरली व तिचे वजन घनमीटरला सु. १,७०० किग्रॅ. धरले, तर दर चौरस मीटरवर सव्वाचारशे किग्रॅ. भार येतो. पाच मी. लांब व तीन मी. रुंद अशा एका खोलीवर म्हणजे सहा मे. टनांहून अधिक माती असते. भिजल्यावर ती आणखी जड होते. जोराच्या एखाद्या पावसाने धाब्याचे फारसे बिघडत नाही. खरी परीक्षा झडीच्या दिवसांत होते. आठ-आठ दिवस ऊन न पडता पाऊस झिमझिमत राहिला, की माती तळापर्यंत भिजते, कड्यांची टोके ओली राहतात आणि घरात ठिकठिकाणी भांडी मांडावी लागतात.

म्हणून दरवर्षी वैशाख-ज्येष्ठात धाब्यावर नवी पांढरी माती घालावी लागे. सालदार गढीच्या कडेने माती खणून बंडीने आणीत, वर चढवीत, पसरीत. गवताची मुळे उपटणे, उंदरांची बिळे बुजविणे, पन्हाळी साफ करणे ही कामे त्याबरोबरच होत. ह्यात एक सूक्ष्म गोष्ट होती व ती चुकली की घर जाई. पावसाने जेवढी माती वाहून जाते तेवढीच घालावयाची असते. गळती थांबावी म्हणून जुनी न खरवडता दरसाल नवी घालीत गेल्यास पंचवीस-तीस वर्षांत थर दुप्पट होतो आणि ज्या कड्या एका पिढीला पुरल्या, त्या दुसऱ्या पिढीवर कोसळतात. जुन्या वाड्यांची जी धाबी बसली, त्यांतील अनेकांच्या ढिगाऱ्यात मातीचे थर मोजले असता हेच कारण निघते.

धाब्याचा उपयोग केवळ छप्पर म्हणून नव्हता. उन्हाळ्यात त्यावर कुरड्या, पापड, सांडगे, मिरच्या वाळत. रात्री निजणे होई. शेजारच्या वाड्यांची धाबी एकमेकांस लागून असल्याने स्त्रियांना रस्त्यावर न उतरता एका घरातून दुसऱ्या घरात जाता येई. पडदा पाळणाऱ्या घरांत ही सोय लहान नव्हती.

वाड्याचे दोष उघड आहेत. आतील खोल्या अंधाऱ्या व स्वयंपाकघर धुराने काळे. उंदीर, विंचू व क्वचित साप यांना मातीत मुबलक आसरा. सारवणे, पोतारणे, दूरच्या गोड्या विहिरीवरून किंवा नदीतील झिऱ्यावरून पाणी आणणे ह्या न संपणाऱ्या कामांवर तो उभा होता आणि ती कामे घरच्या स्त्रिया व गडी-मोलकरणी करीत. वाड्याला ‘स्वस्त’ म्हणताना हे श्रम जमेस धरलेले नसतात.

बदल : लोहमार्गाबरोबर नालीदार पत्रा, मंगलोरी कौले, भाजलेल्या विटा व लोखंडी तुळया आल्या. दर्शनी बाजूस विटांची कमान व बिडाच्या कठड्याची गॅलरी, आणि मागे मातीचाच जुना भाग, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक वाड्यांचे रूप आहे. ते दिखाऊ वाटते खरे. पण पुढच्या वीटकामामुळे मागच्या मातीचे पावसापासून रक्षण झाले, हेही नमूद केले पाहिजे.

त्यानंतरचा ऱ्हास साहित्याचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. १९६२ च्या अधिनियमाने महसुली पाटीलकी रद्द झाली, कमाल जमीनधारणेच्या कायद्याने व वाटण्यांनी खाती लहान झाली, सालदार कमी झाले. वाडा दोन-तीन भावांत वाटला गेला व चौकातून भिंत उभी राहिली. ही भिंत पाण्याचा निचरा अडविते. आणि सांगाडा एक असूनही धाब्याचे मालक तीन झाल्याने एकाने माती घातली नाही तर पाणी दुसऱ्याच्या कड्यांत मुरते. वाटणीपत्रात खोल्या लिहिलेल्या असतात, पन्हाळी लिहिलेल्या नसतात.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी येथे झालेल्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील हजारो माणसे घरांखाली गाडली गेली. त्यानंतर मातीच्या जड छपराविषयी सर्वत्र भीती बसली, आणि ती अकारण नव्हती. परंतु तेथील पाहणीत आणखी एक गोष्ट दिसून आली होती : चिखलात रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती ढासळल्या, तरी ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा शाबूत होता, त्यांतील अनेकांची छपरे उभी राहिली. सांगाड्याचे हे गुण वऱ्हाडातील चर्चेत फारसे पोचले नाहीत. शासकीय गृहयोजनांच्या वर्गीकरणात मातीच्या भिंतीचे व मातीच्या छपराचे घर ‘कच्चे’ ठरते. अनुदान ते पाडून ‘पक्के’ बांधण्यास मिळते, दुरुस्त करण्यास नव्हे. सांगाड्याला त्या तक्त्यात रकानाच नाही.

नवी घरे बहुधा पांढरीबाहेर, काळीत होत आहेत. विटांच्या भिंती, त्यांवर सिमेंटचा स्लॅब व उथळ पाया अशी ती असतात. येथे भिंत हीच भारवाहक असल्याने तडा हा दोष न राहता धोका होतो. काळ्या जमिनीसाठी योग्य पाया ज्ञात नाही असे नाही. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ह्यासाठी खुंट-पायाची पद्धत विकसित केली आहे. सु. साडेतीन मी. खोल, म्हणजे ऋतुमानाने हलणाऱ्या थराच्या खाली, तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खुंट घालावयाचे, त्यांवर तुळया टाकावयाच्या आणि भिंती त्या तुळयांवर, जमिनीला न टेकविता उभ्या करावयाच्या. भार मोजक्या बिंदूंवर न्यावा व भिंतीला त्यातून मुक्त ठेवावे, ही कल्पना वाड्याच्या सुतारास परकी वाटली नसती. लहान घरांत मात्र खर्चामुळे व माहितीच्या अभावी ती क्वचितच वापरली जाते.

जुने वाडे दोन कारणांनी वेगाने नाहीसे होत आहेत. कोरीव खांब, तोड्या व दरवाजे यांना शहरांत मागणी असल्याने पडक्या वाड्याचे सागवान आधी विकले जाते. सांगाडा काढलेल्या भिंती मग दोन-तीन पावसाळ्यांतच ढिगारा होतात. दुसरीकडे, नव्या बांधकामांच्या भरावासाठी गढ्या व पांढरीची टेकाडे यंत्राने खोदून नेली जात आहेत. पूर्वी कडेकडेने बंडीभर माती निघे. आता एका उन्हाळ्यात अख्खा उतार जातो आणि त्याबरोबर उत्खनन न झालेले थरही.

जे वाडे अद्याप राहते आहेत, त्यांतील बऱ्याच जणांनी एक साधी तडजोड केलेली आढळते. धाब्यावरील माती खरवडून निम्म्यावर आणलेली असते आणि तिच्यावर हातभर अंतर सोडून, उतरत्या लोखंडी कैच्यांवर पत्रे घातलेले असतात. कैच्यांचे पाय जुन्या खांबांच्या रेषेतच घेतात. पाणी पत्र्यावरून जाते, मधल्या पोकळीतून वारा वाहतो, आणि राहिलेली कोरडी माती उन्हाळ्यात पत्र्याची उष्णता खाली येऊ देत नाही. बाहेरून ते शोभत नाही. पण वैशाखाच्या दुपारी अशा माजघरात आणि शेजारच्या स्लॅबच्या खोलीत पाच मिनिटे बसले, तर दोहोंतील फरक लगेच जाणवतो. पत्र्याच्या कडा भिंतीबाहेर पुरेशा पुढे काढल्या आणि खाली पडणारे पाणी भिंतीच्या बुडापासून दूर नेणारी नाली ठेवली, तर लोणाही बराच आटोक्यात राहतो. ही नाली पुष्कळदा राहून जाते.